जी ९.८ आला नाही तर जर्नलमध्ये काय लिहायचं? अकरावी फिजिक्सच्या सुरुवातीचं एक प्रकरण

२०२५ साली अकरावी सायन्सचं वर्ष नेमकं कुठल्या दिवशी सुरू झालं असं कुणी विचारलं तर आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या ज्युनियर कॉलेजात कुणालाच एक तारीख सांगता येणार नाही. दहावीचा निकाल १३ मेलाच लागला, सगळ्यांना वाटलं यंदा वर्ग वेळेत भरणार, पण त्याच वर्षी पहिल्यांदा अख्ख्या राज्याची अकरावी ऍडमिशन ऑनलाइन झाली (आधी ती मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरतीच होती), पहिली गुणवत्ता यादी जूनच्या शेवटाला आली, आणि मग राउंडमागून राउंड. म्हणजे वर्गात आज जेवढी पोरं बसलीत त्यातली काही पुढच्या आठवड्यात दुसरीकडे गेलेली असणार आणि काही अजून यायचीच आहेत. अशा वर्गाला फिजिक्स सुरू कुठून करायचं? पहिल्या यादीतल्यांना पहिला चॅप्टर शिकवला तर तिसऱ्या राउंडवाला येऊन विचारणार, मॅडम मागचं काय झालं, आणि आपण म्हणणार कुणाची तरी वही घे. त्या वाक्यापासूनच गडबड सुरू होते, कारण वही घेऊन उतरवणं ही आपल्याकडे फिजिक्सची पहिली शिकवण होऊन बसते.

हे प्रकरण लिहून काढतेय ते त्यासाठीच. विषय तसा लहान आहे, पहिल्या महिन्यातली प्रॅक्टिकल्स आणि जर्नल. पण मला वाटतं पोरगं पुढची दोन वर्षं फिजिक्सकडे कसं बघणार ते बरंचसं इथेच ठरतं, की जर्नलमध्ये जे दिसलं ते लिहायचं का जे यायला हवं होतं ते लिहायचं (इथे जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण, पुस्तकात ९.८).

आधी वर्ग कसा होता ते सांगते. ऐंशीच्या वर पोरं, त्यातली बरीच मराठी किंवा सेमी इंग्लिशमधून आलेली, काही सीबीएसईची. निम्मी तरी कुठल्या ना कुठल्या क्लासला मे महिन्यापासूनच बसलेली, त्यांचं न्यूटनचे नियम, फ्रिक्शन सगळं 'होऊन गेलेलं'. उरलेल्यांचा हिशोब वेगळा. स्टेट बोर्डात गतीचे नियम नववीत येतात, दहावीच्या विज्ञान भाग एकमध्ये पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, पण बाकी भाग बराचसा केमिस्ट्री आणि भिंगं, त्यामुळे एफ बरोबर एमए म्हणताना त्यांना आठवण तेवढी असते, हात बसलेला नसतो. आणि अकरावीचं बालभारतीचं फिजिक्सचं पुस्तक उघडलं की चौदा चॅप्टर, त्यातला पहिला युनिट्स अँड मेजरमेंट, दुसरा मॅथेमॅटिकल मेथड्स म्हणजे व्हेक्टर आणि थोडं कॅल्क्युलस, प्रत्यक्ष काहीतरी हलायला लागतं ते तिसऱ्या चॅप्टरमध्ये. पहिल्या चॅप्टरबद्दल पोरांचं मत ठरलेलं असतं, ह्याच्यावर सीईटीला काही येत नाही. सीईटीचा साधारण २० टक्के पेपर अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर हे गणित त्यांना व्हेक्टरच्या आधी पाठ झालेलं असतं, त्यामुळे अकरावीची सुरुवात म्हणजे विश्रांती असा एक समज आहेच.

मेजरमेंटचा चॅप्टर नेहमी कसा शिकवला जातो तर एररचे प्रकार डिक्टेट करायचे, सिस्टिमॅटिक, रँडम, ग्रॉस, प्रत्येकाची व्याख्या, मग ऍबसोल्युट, रिलेटिव्ह, पर्सेंटेज, दोन गणितं, झालं. एररवर बोलायचं आणि एरर एकही बघायची नाही. म्हणून ठरवलं की व्याख्या नंतर, आधी लंबक टांगायचा.

लंबक का, असं आमच्या एका सहकाऱ्यांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता, कारण स्टेट बोर्डात सिंपल पेंड्युलमची थिअरी बारावीच्या ऑसिलेशन्समध्ये आहे. कारण सरळ आहे. लंबकाला दोरी, वजन आणि घड्याळ सोडून काही लागत नाही, तो बघायला फॉर्म्युला यावा लागत नाही, आणि चुकायला त्यात भरपूर जागा आहे. शिवाय डायमेन्शनल ऍनालिसिस (एककांवरून फॉर्म्युला जुळवून बघणं) शिकवताना सगळेच त्याचंच उदाहरण घेतात, तेव्हा तो पहिल्या चॅप्टरमध्ये आणलाय असं म्हणायला आधारही होता.

लॅब असिस्टंट काकांनी कपाट उघडलं तर पितळेचे बॉब (लंबकाचे गोळे) पुरेसे निघाले नाहीत. मग काही गटांना बॉब, एकाला सेलोटेपने चिकटवलेली गोटी, एकाला छोटा नट, आणि एका गटाला काकांच्या ड्रॉवरमधलं जुनं लांबट कुलूप. स्टॉपवॉच आपली नेहमीची, काट्याची, ०.१ सेकंद लीस्ट काउंटची (म्हणजे तेवढ्यापर्यंतच मोजणारी). फळ्यावर एवढंच लिहिलं: दोरी ३० सेंमी, २० झोके, वेळ मोजा, रीडिंग पेनाने लिहा. ३० सेंमी कुठून कुठपर्यंत हे मुद्दाम नाही सांगितलं.

फिजिक्स ज्यांचं 'झालेलं' होतं त्यांच्यातला एक लगेच म्हणाला, मॅडम फॉर्म्युला माहितीये, टी बरोबर दोन पाय रूट एल बाय जी (टी म्हणजे एका झोक्याचा वेळ, एल लंबकाची लांबी). म्हटलं छान, मग तुमच्या रीडिंगवरून जी काढून द्या.

रीडिंग काय आली

बॉबवाल्या गटांचं २० झोक्यांना २२.३, २२.४ च्या आसपास. गोटीवाल्यांचं जवळपास तेवढंच, किंचित कमी. कुलूपवाल्यांचं २३.१. नटवाल्यांचं २०.९. आणि एक गट होता त्यांनी बॉब पार बाजूला ओढून सोडला, साठ अंशाच्या आसपास, झोपाळ्यावर बसल्यासारखा, त्यांचं साडेतेवीसच्या वर गेलं.

आता ही रीडिंग वजनाप्रमाणे लावून बघा. कुलूप सगळ्यात जड, ते सगळ्यात हळू, मग बॉब, मग गोटी, आणि नट सगळ्यात हलका आणि सगळ्यात फास्ट. (साठ अंशवाल्यांना पोरांनी 'तुम्ही मस्ती करत होता' म्हणून बाजूलाच काढलं.) म्हणजे वर्गाने हातात स्टॉपवॉच धरून, इमानदारीत मोजून एक नियम शोधून काढला: जड वस्तू हळू झोके घेते. डेटा इतका सुरेख रांगेत बसलेला की मोडून काढायला जीवावर यावं. फॉर्म्युला माहीत असलेली पोरं मात्र अस्वस्थ, कारण त्यांच्या फॉर्म्युल्यात एम, म्हणजे वस्तुमान, नाहीच.

त्यांनी जी काढला होता. कुलूपवाल्यांचा ८.९ आला, नटवाल्यांचा १०.८, बॉब आणि गोटीवाल्यांचा ९.५ च्या जवळ. म्हणजे अख्ख्या लॅबमध्ये ९.८ कुणाचाच नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी जर्नलं तपासायला आली तर त्यात जवळपास सगळीकडे ९.८. काहींनी तर ९.८१ लिहिलेलं. कुलूपवाल्यांच्या एका जर्नलमध्ये २३.१ चं २२.० झालेलं, खोडलेलं नाही, नवीन पानावर सुबक लिहिलेलं, बरोबर ते रीडिंग जे घेतलं की ९.८ येतो.

हे काही त्या पोरांचं पाप नाही, हे आधीच सांगते. दहावीपर्यंत प्रयोगवही म्हणजे गाइडमधून उतरवायची वस्तू असते, क्लासमध्ये 'आन्सर की'शी जुळलं की बरोबर, आणि बारावीत प्रॅक्टिकलचे ३० मार्क्स असतात तिथे बाहेरच्या परीक्षकासमोर रीडिंग 'नीट' यायला हवं ही भीती अकरावीतल्या पोराच्याही डोक्यात मोठ्या भावाने, ताईने घालून ठेवलेली असते. व्यवस्थेने बक्षीस ज्याला दिलं तेच ती करतात. फक्त आपण पहिल्याच महिन्यात त्यावर सही केली की मग पुढे बोलायला तोंड राहत नाही.

मग मी काय केलं तर जर्नलं परत दिली, एकावरही सही न करता, आणि रागावलेही नाही (रागावलं की पोरं पुढच्या वेळी जास्त सफाईने करतात). प्रॅक्टिकलच्या दिवशी फळ्यावर लिहिलेल्या मूळ रीडिंगचा फोटो काढून ठेवलेला, तोच तक्ता परत फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, आज जर्नल नाही लिहायचं, ह्यातलं खोटं कोण बोलतंय ते शोधायचं.

कुलूप आणि नट

पहिला वाद वजनावरच. जड असेल तर हळू, हे तपासायचं कसं? कुणी म्हणालं अजून जड वस्तू आणा. पण जड वस्तू आणली की ती मोठीपण असते, मग दोन गोष्टी एकदम बदलतात. हे 'एका वेळी एकच गोष्ट बदला' वगैरे मी सांगितलं नाही, भांडणातून आपोआप निघालं. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, मॅडम तसंच दुसरं कुलूप असेल तर शेजारीच बांधू, खाली नाही. काकांकडे जोडीचं दुसरं कुलूप होतं. दोन कुलपं एकाच दोरीला, एकाच उंचीला. वजन बरोबर दुप्पट. २० झोके: २३ सेकंदांच्या आसपास, पहिल्यासारखेच.

नियम गेला. एवढा छान रांगेत बसलेला नियम एका रीडिंगमध्ये गेला, आणि तो शिक्षकाने सांगून गेला नाही ह्याचं महत्त्व मला फार वाटतं.

पण मग कुलपाला १ सेकंद जास्त का? माणसाचा हात स्टॉपवॉचवर साधारण ०.२ सेकंद मागे-पुढे होतो, सुरू करताना आणि थांबवताना धरून फार तर ०.४, तेव्हा पूर्ण १ सेकंदाचं कारण हात नाही. इथे रँडम आणि सिस्टिमॅटिक हे शब्द पहिल्यांदा फळ्यावर आले, कारण आता त्यांची गरज पडली. तीनदा मोजा, पाचदा मोजा, कुलूप दरवेळी तेवीसच्या आसपासच. दरवेळी त्याच बाजूला चुकतंय म्हणजे चूक हातात नाही, मांडणीत आहे. शेवटी पट्टी घेऊन परत मोजलं तर दोरी ३० सेंमी होती खरी, पण कुलपाच्या कडीपर्यंत. कुलूप स्वतः सहा सेंमी लांब. म्हणजे मधोमध धरलं तर लंबक ३३ सेंमीचा. ३३ टाका फॉर्म्युल्यात, २० झोक्यांना २३.१ सेकंद येतात, दशांशापर्यंत जुळतं. बॉब आणि गोटीवाल्यांचंही तेच निघालं, त्यांनीही दोरीच मोजली होती, फक्त त्यांचा एखादा सेंटिमीटरच राहिला म्हणून ९.८ ऐवजी ९.५.

नटवाल्यांनी मात्र लांबी नटाच्या मधोमध, अगदी बरोबर मोजलेली. तरी त्यांचं १०.८. इथे फॉर्म्युलावाले चक्रावले, लांबी बरोबर, वजनाचा संबंध नाही, झोका छोटा, मग? दुसऱ्या गटातल्या एकाला त्यांच्या शेजारी नुसतं बघायला बसवलं. तो दोन मिनिटांत हसायला लागला. सोडतानाच 'एक' म्हणत होते. म्हणजे 'वीस' म्हणताना झालेले झोके एकोणीस. सोडताना 'शून्य' म्हणायचं असतं. १९ झोक्यांचा वेळ २० ने भागला की टी पाच टक्क्यांनी कमी, आणि जी? फॉर्म्युल्यात टीचा वर्ग आहे म्हणून जी दहा टक्क्यांनी जास्त. पुस्तकात 'घातांक असेल तर रिलेटिव्ह एररला घातांकाने गुणा' असा एक नियम आहे, पोरं तो पाठ करतात आणि तिसऱ्या दिवशी विसरतात, ह्या गटातलं मात्र कुणी तो विसरेल असं वाटत नाही.

साठ अंशवाल्यांना आता न्याय मिळाला. मोठ्या झोक्याला खरंच जास्त वेळ लागतो, साठ अंशाला सुमारे सात टक्के, वीस अंशाला एक टक्काही नाही. आपण पुस्तकात 'स्मॉल ऍम्प्लिट्यूड' एवढे दोन शब्द लिहून सोडून देतो, ते दोन शब्द म्हणजे ह्या गटाची मस्ती.

ॲव्हरेजवाला पोरगा

आणि आता ज्या क्षणासाठी मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं तो. हे सगळं चालू असताना कुलूपवाले आणि नटवाले दोन्ही ज्याच्या बाकावर होते असा एक हुशार पोरगा (क्लासचा टॉपर, पुढे आयआयटी म्हणणारा) फळ्याकडे बघून म्हणाला, मॅडम एवढं कशाला, ८.९ आणि १०.८ चा ॲव्हरेज काढा, ९.८५ येतोय, म्हणजे बरोबरच आहे की.

आकडेमोड बरोबर. वर्गही एकदम खूश. पुस्तकात लिहिलंच आहे, अनेक रीडिंग घ्या आणि सरासरी काढा. आणि हे उत्तर जर्नलमध्ये गेलं असतं तर कुठल्याही परीक्षकाने त्यावर टिक केली असती. एकाने लांबी कमी मोजली, दुसऱ्याने झोके जास्त मोजले, दोन चुका विरुद्ध दिशेने गेल्या आणि मध्ये बरोबर आकडा उभा राहिला. दोघांनाही ना कुलपाची कडी कळली असती ना शून्यापासून मोजणं.

त्याला मी एवढंच विचारलं की समजा दुसऱ्या गटानेपण कुलूपच घेतलं असतं तर ॲव्हरेज किती? ८.९. मग कुठल्या गटाशी ॲव्हरेज काढायचा हे तू कशावरून ठरवलंस? तो थोडा थांबून म्हणाला, उत्तर माहिती होतं म्हणून. बास. ह्यापुढे मी त्या तासाला काही शिकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना जाँ रिशेची गोष्ट सांगितली, ती इथे अगदी चपखल बसते. १६७२ साली हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला, विषुववृत्ताच्या जवळ. त्याचं लंबकाचं घड्याळ पॅरिसमध्ये बरोबर चालायचं, तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. सेकंदाचा लंबक (एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला एक सेकंद घेणारा) म्हणजे साधारण ९९.४ सेंमी, तो त्याला तिथे पावणेतीन-तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. जगभर जी सारखाच असणार असं गृहीत धरून, उष्णतेने दांडी लांबली असेल म्हणून तो आकडा दुरुस्त करून टाकणं त्याला सहज शक्य होतं, आणि पॅरिसमधल्या काहींना तसंच वाटलंही. पण त्याने दिसलं ते नोंदवलं. १६८७ मध्ये न्यूटनने तेच रीडिंग वापरून मांडलं की विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षण कमी आहे आणि पृथ्वी तिथे फुगलेली आहे. वर्गाला म्हटलं, तीन मिलिमीटर. तुम्ही तीन सेंटिमीटर खाल्ले आणि ९.८ लिहून मोकळे झालात. हसले सगळे, कुलूपवाले जरा कमी.

उशिरा आलेल्यांचं काय

हा मूळ प्रश्न, आणि इथे लंबकाचा फायदा झाला. दुसऱ्या-तिसऱ्या राउंडची पोरं येत होती, आल्या आल्या पहिला प्रश्न, कुणाचं जर्नल मिळेल का उतरवायला. त्याऐवजी लॅबच्या भिंतीवर एक मोठा ग्राफ पेपर लावला. आडवी लांबी, उभा टीचा वर्ग. पहिल्या पोरांनी त्यांचे बिंदू लावलेले, नावाची आद्याक्षरं घालून. नव्याने आलेल्या प्रत्येकाने दोन कामं करायची. एक, त्याला मूळ रीडिंगचा कच्चा तक्ता द्यायचा, कुलूप, नट सगळं तसंच, आणि सांगायचं ह्यात दोन ठिकाणी गडबड आहे, शोध. वर्गातल्यांनी सांगायचं नाही (अर्थात सांगायचेच, पण सांगताना समजावून सांगावं लागायचं, तेही चाललं). दोन, भिंतीवर ज्या लांबीचा बिंदू नाही ती लांबी घेऊन स्वतः मोजायचं आणि आपला बिंदू लावायचा.

लावायच्या आधी अंदाज विचारायचा. २५ सेंमीच्या लंबकाला एका झोक्याला १ सेकंद लागतो, मग ५० ला किती? दोन, हे उत्तर जवळपास प्रत्येकाकडून. मोजलं की १.४. मग दोन सेकंद कधी? लांबी चौपट केल्यावर, एक मीटरला. हे हाताने केल्यावर टीचा वर्ग का घेतला ते वेगळं समजवावं लागत नाही, सीबीएसईतून आलेल्या पोरांना हा ग्राफ प्रॅक्टिकलच्या यादीत असतो म्हणून माहीत होता, पण बऱ्याच जणांना का ते माहीत नव्हतं.

ग्राफने एक गोष्ट अशी दिली जी आधी माझ्या प्लॅनमध्येच नव्हती. कुलूपवाल्यांनी हट्टाने कडीपर्यंतचीच लांबी धरून वेगवेगळ्या लांब्यांना रीडिंग घेतली आणि त्यांचे बिंदू लावले. त्यांची रेषा बाकीच्यांच्या रेषेला समांतर, थोडी वर. स्लोप तोच, चारपेक्षा किंचित जास्त, म्हणजे त्यातून जी काढला तर ९.८ च्या जवळच येतो. पण रेषा शून्यातून जात नाही, मागे वाढवली तर लांबीच्या अक्षाला उणे तीन सेंमीवर कापते. तीन सेंमी म्हणजे अर्धं कुलूप. चुकीच्या रीडिंगमध्ये चूक किती आहे तेही लिहिलेलं असतं, खोडलं नाही तर. पहिल्या दिवशी जर्नलात २२.० लिहिणारा मुलगाच हे मला दाखवायला आला.

आक्षेप

सगळं गोड झालं असं नाही. विभागप्रमुखांचं म्हणणं की जर्नल हे रेकॉर्ड आहे, त्यात काटाकाट दिसली तर बाहेरचा माणूस कॉलेजलाच नावं ठेवणार, आणि ते चूक बोलत नव्हते. तोडगा असा निघाला: लॅबमध्ये एक रफ वही, रीडिंग पेनाने, व्हाइटनर नाही, चुकलं तर एक आडवी रेघ आणि शेजारी कारण, आणि बाहेर पडताना त्याच दिवशी त्यावर सही. फेअर जर्नल नंतर, सुबक, डावीकडे पेन्सिलने आकृती वगैरे सगळं, पण फेअरमधली रीडिंग रफशी जुळलीच पाहिजेत, नाहीतर सही नाही. काम वाढतं. चार बॅचच्या रफ वह्यांवर त्याच दिवशी सही करायची म्हणजे तास संपल्यावरही अर्धा तास लॅबमध्येच.

काही पालकांची तक्रार अशी की क्लासमध्ये लॉज ऑफ मोशन संपलं आणि तुमच्याकडे अजून दोरीला कुलूप. ह्यावर उत्तर नाही माझ्याकडे, म्हणजे त्यांना पटेल असं. पोर्शनचा हिशोब मात्र केला. पहिल्या चॅप्टरमधलं एरर, सिग्निफिकंट फिगर्स (आकडा किती अंकांपर्यंत खरा धरायचा ते) आणि डायमेन्शन्स ह्यातच संपलं, त्यासाठी वेगळे तास फार लागले नाहीत. ०.१ च्या घड्याळाने आणि ३० सेंमीच्या दोरीने मोजून ९.८१ का लिहायचं नाही हा प्रश्न फळ्यावर व्याख्या न लिहिताच सुटला. राहिलं ते एसआय युनिट्स, तिथे मीटर १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावर आणि किलोग्रॅम २०१९ पासून प्लांक स्थिरांकावर ठरतो एवढं सांगून पुढे सरकले. व्हेक्टरला मात्र ओढाताण झाली, तिथे दोन जादा तास घ्यावेच लागले.

पुढे काय झालं

लंबकानंतर व्हर्नियर (बारीक लांबी मोजायचं उपकरण) आला. दरवर्षी व्हर्नियरच्या जर्नलमध्ये झिरो एररपुढे (काही न मोजताच उपकरण दाखवतं ती चूक) सगळ्यांचं एकच उत्तर असतं: निल. ह्या वेळी वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या झिरो एरर लिहिल्या आणि एका गटाने व्हर्नियर बदलून मागितला. काका म्हणाले, तो चार नंबरचा ना, तो कधीपासूनच तसा आहे, आजवर कुणी बोललं नाही. बदलून दिला नाही, म्हटलं झिरो एरर लिहा आणि वजा करा, त्यासाठीच असते ती.

युनिट टेस्टला मुद्दाम एक प्रश्न घातला: दोन गटांना जी ९.१ आणि १०.५ आला, पुढे काय कराल? बऱ्याच पोरांनी सरासरी काढून ९.८ लिहिलं, त्यात जी लॅबमध्ये कुलपाच्या बाजूने तावातावाने भांडली होती तीही होती. परीक्षेच्या पेपरवर हात आपोआप जुन्या वळणाला जातो. पण काहींनी लिहिलं, दोन्ही गटांची लांबी आणि झोके परत मोजायला सांगू, आणि एकाने, आधी कुणी सोडताना एक म्हणतंय का ते बघू. त्याला पूर्ण मार्क दिले, विभागप्रमुखांनी मॉडेल आन्सरमध्ये ते बसत नाही म्हणून अर्धा कापायला सांगितला, थोडी चर्चा झाली आणि पूर्ण मार्क राहिले.

जे कुणी पुढच्या जुलैत हे करून बघणार असतील त्यांच्यासाठी सामानाचं तेवढं सांगते. मुद्दाम एका गटाला लांबट वस्तू द्या, कुलूप नसेल तर जाड बोल्ट चालतो, पाच-सहा सेंमीचा आणि जोडीने मिळेल असा, म्हणजे दुप्पट वजनाची चाचणी करता येते. तीसच्या आसपासच लांबी ठेवा, मीटरभर घेतली तर तीन सेंमीची चूक हाताच्या चुकीच्या फार जवळ येते. झोके वीसच, दहा घेतले तर हात आणि मांडणी वेगळं काढणं अवघड जातं. फळ्याचा फोटो त्याच दिवशी काढा. आणि ग्राफ पेपर भिंतीवर लावताना खालच्या डाव्या कोपऱ्यात उणे बाजूला पाच सेंमी जागा सोडा, आम्ही ती नंतर कागद चिकटवून वाढवली.